भोईर सरांची चार पावलं

आधीच सांगतो, तुमची निराशा होणार आहे. शाळेतल्या सरांवर लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. सर बाहेरून कडक असणार, आतून फणसासारखे गोड असणार, एका गरीब पोराला दत्तक घेतल्यासारखं शिकवणार, आणि शेवटी त्यांच्या फोटोला हार घालायला त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणजे मी, मोठा ऑफिसर होऊन लाल दिव्याच्या गाडीतून उतरणार.

तर यातलं काहीही होणार नाही. भोईर सर फणस नव्हते. आतून-बाहेरून सुक्या बोंबलासारखे होते, एकच वास, एकच चव. मी ऑफिसर नाही. एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या शिफ्टचा सुपरवायझर आहे आणि हळदीला कुणी बोलावलं तर नकला करतो. आणि सर ठणठणीत आहेत. परवाच दिसले.

परवा सकाळी आमचा टेम्पो अंजूरच्या रस्त्याला अडकला होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. जिथे आधी भाताची खाचरं होती आणि आता निळ्या पत्र्याची गोडाऊनं आहेत, तिथून एक माणूस रिक्षास्टँडकडे चालला होता. पांढरा शर्ट, पँटच्या मागच्या खिशात ड्रमच्या दोन काठ्या. तोंड दिसत नव्हतं, पण पाय बघून मी ओळखलं. बाकीची दुनिया चालते, भोईर सर मार्च करतात. एकटेच. ट्रकवाले कानाशी हॉर्न मारत होते, धूळ उडत होती आणि सर आपले लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. खड्डा आला की पाऊल लहान करायचे, पण ठेका सोडायचे नाहीत.

मी काच खाली केली, हाक मारायला तोंड उघडलं आणि परत बंद केलं. आता माझं तोंड एकदा उघडलं की सहसा बंद होत नाही, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. मग परवाच का झालं? ते सांगायला मागून सुरुवात करावी लागेल.

भोईर सर आमच्या शाळेत बँड शिकवायचे. अजूनही शिकवतात. पण शाळेत कुणाला विचारा, 'बँडचे सर कोण?' तर आधी समोरचा विचार करेल, मग म्हणेल, 'अच्छा, ते ढोलवाले.' टाइमटेबलमध्ये बँड नावाचा तास नव्हता. स्टाफरूममध्ये सरांची खुर्ची नव्हती. एकदा होती म्हणतात. मग कॉम्प्युटरच्या नवीन मॅडम आल्या, खुर्ची कमी पडली, ती सरांची गेली. सरांनी मागितली नाही. ते डबा घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेले ते तिथेच राहिले. त्या खोलीत पाण्याची मोटर, तुटका फळा, आणि आमचा बँड. पाच साइड ड्रम, एक बिग ड्रम, झांजांच्या दोन जोड्या, एक ट्रँगल आणि एक बिगुल. बिगुलाला असा पोचा होता, की तो वाजला की म्हशीला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. सर बिग ड्रम आडवा ठेवून त्याच्यावर पेपर टाकून जेवायचे. भाकरी, सुकट, कधी नुसता भात. मोटर सुरू झाली की सगळी खोली थरथरायची. सर घास थांबवून ऐकायचे आणि म्हणायचे, "ही पन ठेका सोडते. बेरिंग गेली हिची."

सर हे सगळं कुठे शिकले, मला माहीत नाही. कुणी म्हणायचं होमगार्डमध्ये होते, कुणी म्हणायचं लग्नाच्या बँडमध्ये. आम्ही विचारलं तर एकच उत्तर, "डावा पाय आधी." घरचं एवढंच कळलं होतं, की दोन्ही भावांनी जमिनीवर गोडाऊनं उभी केली, तीन मजली घर बांधलं, आणि सर वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहतात. बायको फार आधी गेली. मुलगा लांबच्या शहरात. घरात ड्रम वाजवायला बंदी, भावकीतल्या लहान पोरांची झोपमोड होते म्हणून. म्हणून सरांनी पाटावर सायकलची ट्यूब ठोकली होती. तिच्यावर काठ्या पडल्या की आवाजच येत नाही. रोज तासभर ते बिनआवाजाचं वाजवायचे. सांगताना त्यांना त्यात काही वाईट वाटत नव्हतं. आम्हीही खिदळलो होतो. आता गोडाऊनमध्ये जेवणाच्या सुट्टीत एकटा बसलो की कधीकधी तो पाट आठवतो.

सरांना शाबासकी देता यायची नाही. आयुष्यात कुणाला 'छान' म्हणाले असतील तर देव जाणे. आम्ही जीव तोडून वाजवायचो आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ते काठ्या मागच्या खिशात खोचायचे आणि म्हणायचे, "उद्या ये."

बस. भारी वाजवलं तरी 'उद्या ये'. भंगार वाजवलं तरी 'उद्या ये'. आम्ही त्यातून अर्थ काढायचो. मान हलवून म्हणाले तर बरं, नाकातून म्हणाले तर वाईट. माझ्या बाबतीत तर नेहमी नाकातून. कारण मी बँडमधला सगळ्यात मोठा भार होतो. आधी साइड ड्रमवर होतो. आठ दिवसांत सरांनी पट्टा काढून घेतला. "तुझा हात तोंडाच्या मागं चालतो." मग झांज दिली. मग ट्रँगल. ट्रँगल म्हणजे बँडमधली शेवटची पायरी, त्याच्या खाली फक्त प्रेक्षक. तिथूनही मला काढून सरांनी शाळेच्या नावाचं बॅनर धरायला दिलं. पण बँडमधून काढलं नाही. रोज नाकातून का होईना, 'उद्या ये' म्हणाले.

मी काय करायचो, सर यायच्या आधी सरांची नक्कल. पट्टी मागच्या खिशात, मान वाकडी, "आरं, तुझा डावा पाय गावाला गेला का रं? त्याला पत्र टाक, बोल, परेड हाय, परत ये!" पोरं लोळायची. एकदा पोरं हसता हसता एकदम गप्प झाली. मी समजलो. मागे वळलो तर सर दारात. मला वाटलं, आता ट्रँगलची काठी पाठीवर. सर जवळ आले, माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाले, "मी डाव्या खांद्यानं वाकतो. तू उजवा वाकवला. परत कर."

मी घाबरत परत केली.

"आता पाय चुकला. माझी नक्कल करतोस तर मी जसा चालतो तसा चाल. निस्तं तोंड वाकडं करून मानूस व्हत न्हाय."

त्या दिवशी सरांनी मला अर्धा तास त्यांचीच नक्कल शिकवली. दुसऱ्या दिवशी मी खरंच ठेक्यात चाललो. म्हणजे मला मार्च करायला शिकवायचा त्यांना तेवढाच रस्ता दिसला होता. मला हे कळायला सहा वर्षं लागली.

आता भिंतीपलीकडचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. शाळेच्या ग्राउंडला मागची भिंत आहे आणि भिंतीला खेटून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. भिवंडीत कुठेही उभे राहा, कुठून तरी खटाक-पटाक येतच असतं, आपल्याला ते ऐकूही येत नाही. पण भिंतीला लागून एक जुनी लूम होती, बाकीच्यांपेक्षा जड. खटाक-पटाक, खटाक-पटाक. तिच्यावर एक चाचा काम करायचे. लूम नीट चालली असेल तेव्हा ते जाळीच्या खिडकीतून आमचा बँड बघायचे. आमचे एकमेव प्रेक्षक. कधी ओरडायचे, "मास्टरजी, आज झांजवाला सो रहा है क्या?" सर इकडून, "तुम्हारा धागा टूटा, वो देखो पहले!" ते सकाळच्या शिफ्टला नसले की सर दोनदा तरी खिडकीकडे बघायचे.

एकदा आम्ही फुल जोशात मार्च करत होतो. पाच ड्रम, झांज, बिगुल, सगळं एकसाथ. मी पुढे बॅनर धरून छाती काढलेली. आणि लाइट गेली. उघड्या ग्राउंडवर लाइट जाण्याशी आमचा काय संबंध? पण कारखाना बंद झाला, ती जड लूम थांबली, आणि तिच्याबरोबर आख्खा बँड थांबला. म्हणजे कुणी ठरवून नाही. हातच थांबले. एक जण पुढे, दोन जण मागे, झांजवाला हवेत हात धरून उभा. खिडकीतून चाचा हसायला लागले. "अरे मास्टरजी, बच्चे तो हमारी मशीन पे चल रहे थे!"

सर ग्राउंडवर मटकन बसले. आधी हसले. मग हसणं संपलं तरी तसेच बसून राहिले. एवढे महिने त्यांना वाटत होतं, पोरांना ठेका समजला. ठेका भिंतीपलीकडचा होता.

दुसऱ्या दिवशी सर येताना चाचांकडून सुताचा कचरा घेऊन आले. लूमखाली पडतो तो, पांढरा, गुंतलेला. सगळ्यांच्या कानात बोळे. "आता काय आयकू येतंय?" सर खुणेनं विचारायचे. काहीच नाही. "पाय?" तर हो, पाय ऐकू यायचा. कानातून नाही, टाचेतून वर यायचा. पंधरा दिवस आम्ही बहिऱ्यांसारखे ग्राउंडवर फिरलो. बाकीची शाळा गॅलरीतून बघून हसत होती. आणि त्या पंधरा दिवसांत सरांनी आम्हाला त्यांचा एकुलता एक मंत्र दिला. "चुकलास तर थांबायचं न्हाय, आनि दुसऱ्याकडं बघायचं न्हाय. वाजवू नको, निस्ता चाल. चार पावलं. चार पावलांत ठेका आपून येतो."

चार पावलं. कुणीही चुकलं की सर हाताचा पंजा उघडून वर धरायचे आणि चालत्या पोराबरोबर बाजूने चालायचे. ओरडायचे नाहीत. एक, दोन, तीन, चार. आणि खरंच, बहुतेक वेळा यायचा.

पण गंमत बघा. कानात बोळे घालून पोरं तयार झाली, की मार्च महिना. परीक्षा. दहावीची पोरं गेली, कुणी आयटीआयला, कुणी गोडाऊनला, कुणी बापाच्या लूमवर. जूनमध्ये परत नवीन अकरा, परत डावा पाय आधी. वर्षभर घडवायचं आणि जूनमध्ये शून्य. मी दहावी झाल्यावर, सुट्टी संपता संपता, दाखला आणायला गेलो होतो. शाळा रिकामी. ग्राउंडवर सगळे ड्रम मांडलेले, जसे आम्ही उभे राहायचो तसे. पाच साइड ड्रम, मध्ये बिग ड्रम, पुढे बॅनर भिंतीला टेकवून. सर पुढ्यात उभे. कारण साधं होतं, खोलीत ओल असते, उन्हात ठेवले होते. पण मांडले होते ओळीतच. आणि सरांनी इकडे-तिकडे बघितलं आणि काठी वर केली.

माझ्यातलं माकड जागं झालं. मी जिन्याआडून तोंडानं बिगुल वाजवला, तीच म्हशीची सर्दी. सर दचकले. "कोन हाय?" मी बाहेर आलो. त्यांनी काठी पटकन खिशात घातली. मी दाखला दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, परत दिला, आणि सवयीनं म्हणाले, "उद्या..." आणि थांबले. उद्या यायला मी आता त्या शाळेचा नव्हतोच.

आता मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना शाळा नीटनेटकी हवी होती. त्यांनी ग्राउंडसाठी दोन मोठे स्पीकर आणले आणि सरांना स्पष्ट सांगितलं. सव्वीस जानेवारीला पाहुणे आहेत, सगळ्यांसमोर बँड व्यवस्थित झाला तर ठेवू. नाही झाला तर पुढच्या वर्षीपासून पेनड्राइव्हवर परेडचं संगीत लावू, ते कधी चुकत नाही.

सरांनी मला फोन केला. पहिल्यांदाच. म्हणाले, "माइकवर बोलायला पायजे कोनतरी. तुला तोंड हाय. येशील?" मी शिफ्ट बदलून आठवड्यातून दोन दिवस जायला लागलो.

त्या वर्षीचे अकरा म्हणजे अगदीच कोवळे. पंधरा ऑगस्टला पाऊस होता म्हणून त्यांनी लोकांसमोर कधी वाजवलंच नव्हतं. बिग ड्रमवर वनिता नावाची आठवीतली मुलगी. अकलोलीच्या वरच्या पाड्यावरची, आईबाप वीटभट्टीवर, ही इकडे मावशीकडे शिकायला. ड्रम तिच्यापेक्षा मोठा. मागून बघितलं तर ड्रमला पाय फुटल्यासारखं दिसायचं. बोलायची नाही. पोरं तिला चिडवायची, ती तेही ऐकायची नाही. मी सरांना म्हणालो, "सर, बिग ड्रमला जरा दणकट पोरगा घ्या ना."

"दनकट काय करायचाय? ती पाड्यावर व्हती तवा शालेत चालत जायची, कोसभर. तिचा पाय बघ." सरांनी तिला आठ दिवस ड्रमच दिला नव्हता. नुसतं चालवलं होतं, शेजारी आपण चालत.

परत सुताचे बोळे सुरू झाले. खरं तर शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, पण शुक्रवारी ग्राउंड पी.टी.वाल्यांचं. सर दर आठवड्याला मागायचे, दर आठवड्याला नाही मिळायचं. मग बोळेच. चार महिने. डिसेंबरात पोरं बऱ्यापैकी जमली. वनिता सगळ्यात आधी. बोळ्यांशिवायही तिचा हात लूमच्या मागे धावायचा नाही. चाचा खिडकीतून म्हणाले, "मास्टरजी, ये लड़की मशीन की नहीं सुनती." सरांनी मान फिरवली. मला वाटतं ते हसले असावेत.

सव्वीस जानेवारी. पताका, रांगोळी, पाहुणे, नवे स्पीकर. कारखाना बंद. चाचा इस्त्रीचे कपडे घालून भिंतीपाशी उभे. मॅडम पोरांच्या रांगेवरून फिरल्या आणि म्हणाल्या, "हे कानात काय? काढा, काढा. फोटोत कसं दिसेल?"

सर म्हणाले, "मॅडम, आजच्या दिवस राहू द्या."

"सर, पाहुण्यांना काय सांगू? बँडच्या मुलांना ऐकू येत नाही?"

बोळे निघाले. सरांनी ते स्वतःच्या खिशात ठेवले. मग वनितापाशी वाकून काहीतरी बोलले आणि झेंड्याच्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले.

मी माइकवर आवाज भारदस्त करून घोषणा केली. बँड गेटमधून निघाला. अर्धी फेरी, काय सांगू तुम्हाला, एक नंबर. मग वळणावर आला, मागच्या भिंतीपाशी. जिथे रोज ती जड लूम कानाशी असते. आज तिथे काहीच नव्हतं. तेवढी शांतता मी भिवंडीत कधी ऐकली नाही. आणि पोरांनी ती ऐकली. माना भिंतीकडे वळल्या. दोन ड्रम पुढे पळाले, तीन मागे राहिले, झांज भलतीकडेच. आणि वनितानं तर वाजवायचंच बंद केलं. काठी हवेत, ती नुसती चालतेय. पाहुण्यांनी बाजूच्या माणसाकडे बघितलं. मॅडमनी स्पीकरवाल्याकडे. आणि मी सरांकडे बघितलं, तर त्यांनी हात वर केलेला, पंजा उघडा. बुडणारा माणूस करतो ना, तसा.

मला राहवलं नाही. माझ्या हातात माइक होता. मी ओठ माइकला लावले आणि तोंडानं लूम सुरू केली. खटाक-पटाक, खटाक-पटाक. ती लूम मी लहानपणापासून करतो, हळदीला माझा तो हिटचा आयटम आहे. नव्या स्पीकरमधून ती ग्राउंडभर घुमली. पोरं एक क्षण गडबडली, मग हसली, आणि धाडकन सगळी त्या ठेक्यावर आली. वनिताची काठीसुद्धा ड्रमवर पडली. लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. टाळ्या, शिट्ट्या. मी आणखी रंगलो, मध्येच धागा तुटल्याचा आवाज काढला. पाहुणे उभे राहिले. "वा! हा खरा भिवंडीचा बँड!"

मॅडम खूश. तिथल्या तिथे म्हणाल्या, "भोईर सर, बँड राहील. पुढच्या वर्षीही असंच करू, ते तोंडाच्या आवाजासकट." चाचा भिंतीजवळून ओरडले, "मास्टरजी, छुट्टी के दिन भी बच्चे हमारी मशीन पे ही चले!" मी चहुबाजूंनी शाबासक्या घेत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी बँडमध्ये वाजलो होतो, आणि बँड वाचवला होता. आता सर काय म्हणतात बघू, म्हणून मी जिन्याखालच्या खोलीत गेलो.

सर एकटे होते. नेहमीसारखे ड्रमचे स्क्रू सैल करत होते. वाजवून झालं की ते प्रत्येक ड्रमचा ताण उतरवायचे, नाहीतर चामडी फाटते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सर, वाचलो ना?" मी म्हणालो.

"कोन वाचला?"

"बँड, सर. मॅडम म्हणाल्या..."

"मॅडम बोलल्या ते मी आयकलं. तू काय केलंस ते तुला कललं का?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ती पोरगी थांबली व्हती का?"

"हो सर, तिनं वाजवायचंच..."

"वाजवायचं थांबली. चालायची थांबली व्हती का? बोल!"

मी आठवून बघितलं. नव्हती.

"ती पाय आयकत व्हती. मी हात वर केला, तो तुला न्हाय केला. तिला केला. तिला बोलत व्हतो, घे, अजून चार पावलं घे. दोन घेतली व्हती तिनं. दोन! चार म्हैने मी तेवढ्यासाठी घातले, की एक दिवस सगली दुनिया गप झाली तरी ती चालंल. तो दिवस आज आला व्हता. आनि तू मधी तोंड घातलंस."

"सर, पण नसतं जमलं तर? बँड बंद झाला असता."

"झाला असता तर झाला असता. तिला तरी कललं असतं, आपून चुकलो आनि आपून सावरलो, न्हायतर आपून पडलो. आता तिला काय म्हाईत झालं? की अडलं की कोनतरी दादा येतो आनि माइकवर खटाक-पटाक करतो. मी जलमभर त्या भिंतीपलीकडचा आवाज पोरांच्या कानातून काढतोय, आनि तू तो स्पीकरवर लावलास. टाल्या पायजे व्हत्या तुला. मिलाल्या ना? घरी घेऊन जा."

मी खाली बघत होतो. सरांच्या खिशातून सुताचा एक बोळा जमिनीवर पडला होता.

"तुला बी मी तेच शिकवलं व्हतं," सर स्क्रू फिरवत म्हणाले. "तुज्या हातून न्हाय झालं म्हनून पायानं शिकवलं. तू फक्त माजं तोंड उचललंस."

मागे पाऊल वाजलं. वनिता दारात उभी होती, पट्टा खांद्यावरून काढलेला, दोन्ही हातांनी बिग ड्रम पोटाशी धरून. तिनं किती ऐकलं, माहीत नाही. सरांनी पुढे होऊन ड्रम घेतला, आडवा ठेवला, त्याचाही ताण उतरवला. मग तिच्याकडे बघितलं.

"उद्या ये," सर म्हणाले. मान हलवून.

तिनं मान डोलावली आणि गेली. मी तिथेच उभा होतो. मीही वाट बघत होतो, नाकातून का होईना.

सरांनी काठ्या खिशात खोचल्या. "तू काय उभा हायस?" ते म्हणाले. "तुझी शिफ्ट असंल. जा."